दाढीचं यंत्र, भेटवस्तू

४ मार्च

तुला ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील खोटी घोषणा, आणि नाही लिहिलं तर म्हणशील माहिती दडवली. म्हणून तो रकाना रिकामा सोडते आहे.

तू बाबांसाठी पाठवलेलं पार्सल आलं आहे. घरी नाही, कस्टम्सच्या पार्सल कचेरीत. ज्या कचेरीत मी चौतीस वर्षं खुर्ची झिजवली, तिथेच जाळीच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात ते पडलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. सोडत नाहीत. पार्सलवर तू लिहिलंस ‘विजेवर चालणारं दाढीचं यंत्र, भेटवस्तू’, आणि किंमत अशी टाकलीस की तेवढ्यात दाढीचा ब्रशसुद्धा येऊ नये. त्यांना शंका आली आणि त्यांनी चौकशी काढली.

मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तेवढ्यात कचेरीचं हॉटेल झालं आहे. काउंटरला काच बसवली आहे आणि बोलायचं भोक बेंबीच्या उंचीवर ठेवलं आहे, म्हणजे नागरिक आपोआप वाकतो. मी वाकले नाही. काचेवर किल्लीने टकटक केली. आतून बाहेर कोण आलं असेल? टाचणी. तुला आठवत असेल, माझ्या हाताखाली नवीन लागला तेव्हा काडीसारखा होता आणि प्रत्येक कागदाला टाचणी लावायचा, म्हणून मीच नाव ठेवलं होतं. आता तो तिथला साहेब आहे. पोट सुटलं आहे, पण कागदांना टाचण्या अजून तशाच.

मला दोन गोष्टी पाठव. दुकानाची खरी पावती, आणि तुझ्या सहीचं पत्र, की हे दाढीचं यंत्र नसून गळ्याला लावून बोलायचं यंत्र आहे. मला लिहायचं नसेल तर आत्याच्या पत्त्यावर पाठव. तिच्याशी तुझं पटतं. सगळ्यांशीच पटतं तुझं.

बाबा बरे आहेत. थोडे उतरले आहेत इतकंच. सप्टेंबरात स्वरयंत्र काढल्यापासून त्यांचा सगळा कारभार पाटीवर चालतो. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून ‘धरून ठेवा, जोडून देतो’ म्हणणारा माणूस. भाजीवाला आवाजावरून ओळखायचा. रविवारी पाच वाजता तुझा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाते, तो आपला न बोललेला करार आहे, आणि तू विचारतोस त्यावर ते रिसीव्हरवर टिचकी मारतात. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मला आत ऐकू येतात. मोजायच्या नाहीत असं ठरवलं तरी मोजल्या जातात.

हॉस्पिटलात असं एकच यंत्र आहे. पेशंटला दहा मिनिटं हातात देतात आणि काढून घेतात. बाबांनी ते गळ्याला लावलं आणि म्हणाले, ‘धरून ठेवा, जोडून देतो.’ डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज. सगळा वॉर्ड हसला. तेही हसले, आवाज न करता. मग पाटीवर लिहिलं, ‘हे पाहिजे.’ चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

पावती लवकर पाठव.

आई

१९ मार्च

पावती आत्याकडे आली. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसती पावती. आत्याने ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “वहिनी, तो म्हणतोय, हे हवं होतं ना तिला, घे म्हणावं.” तुझा टोमणा पोचला. पोचपावती समज.

पावतीवरची किंमत तू पार्सलवर लिहिलेल्या किमतीच्या वीसपट आहे. आता नाव चुकीचं आणि किंमतही चुकीची, दोन गुन्हे झाले. तुला तिथे कोणीतरी सांगितलं असणार की भेटवस्तू म्हण, स्वस्त म्हण, कोणी उघडून बघत नाही. खरं आहे. कोणी उघडून बघत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की त्यांना शंका आली. ते खरं नाही.

टाचणीने मला आत बोलावून खुर्ची दिली होती. पार्सल टेबलावर आणून ठेवलं होतं. वहीत बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, इथे सही करा आणि घेऊन जा. तुम्हाला काय थांबवायचं?”

मी म्हणाले, “वर काय लिहिलंय वाचलंस का?”

“दाढीचं मशीन.”

“ते दाढीचं मशीन नाही.”

त्याने पेनचं टोपण लावलं. “मॅडम, मला ऐकू आलं नाही.”

“मग कान तपासून घे. सरकार खर्च देतं.”

“मॅडम, खरंच ऐकू आलं नाही हो,” तो अगदी हळू म्हणाला. जवळजवळ विनवत होता. आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने, वर्गात धडा वाचावा तसं. शेजारच्या टेबलावरच्या अधिकारी बाईने मान वर केली. आता दोघांनी ऐकलं होतं. टाचणीने पार्सल उचललं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कारण विचारशील. माझा हिशोब सरळ होता. स्वस्त भेटवस्तूवर कस्टम ड्यूटी नाही. पण आजारी माणसाच्या यंत्रावरही नाही, डॉक्टरांचा दाखला असला की झालं, आणि दाखला माझ्या पर्समध्ये होता. म्हणजे खोटं बोलूनही फुकट आणि खरं बोलूनही फुकट. मग खोटं कशासाठी? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्याला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, खरं बोलणाऱ्याला एकच. मला वाटलं, दहा मिनिटांत खऱ्या नावाने सुटेल. मान ताठ ठेवून घरी नेईन.

सुनावणी लावली आहे, सात एप्रिलला. एकोणीस दिवसांनी. बाबांना मी सांगितलं की कागदांत थोडी गडबड आहे. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘कोणाची?’ मी पाटी पुसून ठेवली.

आई

८ एप्रिल

काल सुनावणी झाली.

वरिष्ठ साहेब माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. बोलायला मऊ. म्हणाले, “बाई, आपली अडचण समजते. पण माल पोचल्यानंतर घोषणा दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती धरत नाहीत. पकडलेली खोटी घोषणा धरतात. नियमच तसा आहे.”

मी उसळले. म्हटलं, “मला कोणी पकडलं नाही. मी स्वतःहून सांगितलं. स्वतःहून सांगणाऱ्याला आणि पकडल्या जाणाऱ्याला एकाच दोरीला बांधणारा हा कोण गाढव?”

साहेबांनी टाचणीकडे पाहिलं. टाचणी जमिनीकडे बघत होता. त्याच्या हातात जुनं परिपत्रक होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं.

ते माझं आहे. बावीस वर्षांपूर्वी मी लिहिलेलं. कचेरीत अजून त्याला ‘बाईंचा नियम’ म्हणतात, हे मला काल कळलं. तेव्हा व्यापाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. यंत्रांच्या पेटीवर भंगार लिहायचे, कोणी पेटीला हात घातला की ‘अहो साहेब, चुकून लिहिलं’ म्हणून दुरुस्तीचा अर्ज पुढे करायचे. ती वाट मी बंद केली. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते तू शाळेतून येताना फ्रेम करून आणलं होतंस. पिवळ्या लाकडाची फ्रेम. अजून आहे.

बाहेर आल्यावर टाचणी म्हणाला, “मॅडम, मसुदा मी टाईप केला होता. त्यात एक वाक्य होतं, ‘स्वतःहून खरे सांगणाऱ्यास वगळून.’ तुम्हीच खोडलंत. म्हणालात, याची पळवाट होईल.”

मी म्हटलं, “तुला बरं आठवतं.”

“पान पुन्हा टाईप करायला लावलं होतंत,” तो म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर दुसरंही एक आठवलं, आणि आता कबुलीचा बाजार मांडलाच आहे तर तेही लिहिते. तू अकरा वर्षांपूर्वी विमानतळावर उतरलास तो दिवस. तू सगळ्यांना सांगतोस की आईची ड्यूटी होती आणि तिने मुलालासुद्धा सोडलं नाही. मीही तेच सांगत आले. सांगताना थोडी मान वर करत असे.

त्या महिन्यात पार्सल कचेरीतून मला विमानतळावर मदतीला पाठवलं होतं, पण त्या काउंटरवर माझी ड्यूटी नव्हती. मी वरच्या मजल्यावर होते. तुझं विमान उतरलं तेव्हा जिना उतरून खाली आले आणि त्या काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, तू चहा घेऊन ये. तू हसत हसत माझ्या समोर आलास. काचेपलीकडे तुझी होणारी बायको आणि तिचे आईवडील उभे होते. मी विचारलं, “मोज्यात काय आहे?”

मोज्यात घड्याळ आहे हे मला माहीत होतं. आठवड्यापूर्वी तूच फोनवर सांगितलं होतंस, ‘आई, सासऱ्यांना घड्याळ आणतोय, मोज्यात घालून, तुझ्या लोकांना सांगू नकोस हं.’ तू ते आईला सांगितलंस. मी ते कचेरीला सांगितलं. तुझी बॅग लोखंडी टेबलावर पालथी केली. तुझ्या सासऱ्यांनी तोंड फिरवलं, ते मी पाहिलं आणि तरी मोजे एकेक करून उलटे केले. घड्याळ पहिल्याच मोज्यात सापडलं होतं.

लग्न तुम्ही तिकडेच केलंत. बाबा सत्तावीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, कारण न बोलणं त्यांना जमत नसे.

निकाल नंतर कळवणार आहेत.

आई

२७ एप्रिल

निकाल नाही. वरिष्ठ साहेब रजेवर आहेत, आदेश टाईप होऊन सहीसाठी पडला आहे. मी रोज जाते. काचेच्या भोकाशी आता वाकते. पहिल्या दिवशी कंबर दुखली, आता सवय झाली. रांगेतली माणसं मला युक्त्या सांगतात. एक जण म्हणाला, “आजी, भेटवस्तू म्हणून लिहायला सांगायचं होतं ना मुलाला.” मी म्हटलं, “त्याने तेच लिहिलं होतं.” तो म्हणाला, “मग?”

बाबा बरे आहेत असं मी लिहिलं होतं. तेही पुसून टाक. गाठ पुन्हा आली आहे. डॉक्टरांनी मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, आत्यालाही नाही. स्वतःला मोठी खरं बोलणारी समजते, पण जिथे खरं सांगितल्याने कोणी पळत आलं असतं तिथे गप्प बसले. दोन महिने म्हणाले होते. ते होऊन गेले. आत्याला काल सांगितलं. ती तुला फोन करणार आहे. यायचं असेल तर लगेच निघ.

गेल्या दोन रविवारी तुला टिचक्या नीट ऐकू आल्या नसतील. बोटात जोर राहिला नाही. आत्या सांगत होती, तू विचारलंस, ‘बाबा, लाईन खराब आहे का?’ त्यांनी एक टिचकी मारली. हो म्हणाले. असं किती खोटं त्यांनी आयुष्यभर मला खरं म्हणून ऐकवलं असेल, देव जाणे.

हॉस्पिटलातल्या बाईने सांगितलं होतं, यंत्र येईपर्यंत सराव ठेवा, ओठ नीट हलवायचे, घाई करायची नाही. म्हणून ते रोज सकाळी उशीला टेकून बसतात, दाढीच्या ब्रशची मूठ गळ्याला लावतात आणि बोलतात. आवाज काही नाही. फक्त ओठ. मी पायाशी बसून ओळखते. आधी ‘धरून ठेवा’. मग ‘भोवऱ्या’. तुला भोवऱ्या म्हणणारं आता दुसरं कोणी नाही. त्यानंतरचं मला ओळखता येत नाही. दोनदा विचारलं. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘त्याला सांगेन.’

आणि शेवटी रोज तेच लिहितात, ‘आलं का?’ मी म्हणते, नाही. ते मान हलवतात. मी पाटी पुसते.

आई

२० मे

आत्याने तुला सगळं सांगितलं आहे. तुला तिकीट मिळेपर्यंत उशीर झाला, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. म्हणायला मला तोंड नाही.

सहा मेची सकाळ होती. ब्रश त्यांच्याने उचलवेना. मी उचलून गळ्याला धरला. ओठ थोडे हलले. मग बोटाने पाटी मागितली. खडू हातात दिला, तर ‘आ’ काढला आणि पुढची रेघ खाली घसरत गेली. मला कळलं काय विचारायचं आहे ते. आत्या दाराशी उभी होती.

मी म्हणाले, “नाही. अजून नाही आलं.”

त्यांनी मान हलवली नाही. भिंतीकडे बघत राहिले. मी सवयीने पाटी पुसली. दुपारी दोनला गेले.

सगळं आटोपून माणसं गेल्यावर आत्या मला म्हणाली, “वहिनी, आलंय म्हणायचं होतंस गं. म्हणायचंस, आलंय, उद्या आणते. कोण येणार होतं तपासायला?” तिने आवाज चढवला नाही. मीच आयुष्यभर आवाज चढवत आले, आणि त्या दिवशी तिच्या त्या हळू बोलण्यापुढे मी मान खाली घातली. खरंच, कोण येणार होतं तपासायला?

पाटीवर आता काही नाही. तीनशे वेळा तरी लिहिलं असेल त्यांनी सप्टेंबरपासून, आणि मी तीनशे वेळा पुसलं. वही आण म्हणाले होते एकदा. मी म्हटलं, कागद कशाला फुकट घालवायचा, पाटी आहे ना. त्यांच्या हातचं घरात एक अक्षर शोधलं. विजेच्या बिलाच्या पाठीमागे ‘बल्ब, चहा, सुतळी’ सापडलं. ते तुला हवं असेल तर पाठवते. मला हवं आहे, पण पाठवीन.

पंधरा तारखेला कचेरीतून माणूस आला. आदेश निघाला. दंड माफ, ताकीद देऊन सोडलं, रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी सूट मंजूर. मी गेले. टाचणीने पार्सल टेबलावर ठेवलं, वही उघडली. पानावर ओळ छापलेली होती: ‘रुग्ण स्वतः वापरणार असल्याचे मी जाहीर करते.’ खाली सहीची जागा.

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या कपाळावर कुंकू नव्हतं. त्याने ते पाहिलं आणि पटकन नजर वहीत घातली. शेजारची अधिकारी बाई टेबलावर होतीच.

“मॅडम,” तो म्हणाला, “आता हे तरी मला सांगू नका.”

चौतीस वर्षांत मी खोट्या कागदावर सही केली नाही. शाळेत एकदा खोटं बोलले म्हणून सिस्टरनी शंभर वेळा लिहून घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. मी पेन घेतलं आणि सही केली. किती वेळ लागला म्हणशील? दोन सेकंद. हात कापला नाही, छत कोसळलं नाही, अधिकारी बाईने मानसुद्धा वर केली नाही. चार मार्चच्या आधी हीच सही, याच वहीत, याच पेनाने करायची होती. तेव्हा त्यांच्या बोटांत जोर होता. नऊ रविवार मिळाले असते.

यंत्र आता फोनच्या टेबलावर आहे. साबणाच्या वडीएवढं. खोका मी उघडला नव्हता, काल उघडला. आत तू चिठ्ठी ठेवली होतीस, ‘बाबा, पहिला फोन मला करा.’ ती त्या जाळीच्या कपाटात अडीच महिने होती.

गेल्या दोन्ही रविवारी पाच वाजता मी फोनपाशी बसले. स्वयंपाकघरात गेले नाही. फोन वाजला नाही. का वाजावा? माझा आवाज ऐकला की तू ठेवतोस, हे मला माहीत आहे, आणि मी तुला दोष देत नाही. माझा आवाज मलाही आता ऐकवत नाही.

म्हणून लिहिते. येत्या रविवारी केलास, किंवा कधीही, वर्षाने केलास, तर मी बोलणार नाही. उचलीन आणि गप्प राहीन. तू हवं ते विचार. मी टिचकी मारीन, बाबांसारखी, एक म्हणजे हो. विमानतळाचं विचारशील, की आई, त्या दिवशी चूक तुझी होती का. ते विचारण्यासाठी फोनचा खर्च करू नकोस. त्याचं उत्तर इथेच देऊन ठेवते.

एक.